भांडखोर पूर्वज असावा

इंग्लंडात नवखी ओळख असली की माणसं हवामानावर बोलतात आणि ओळख मुरली की पूर्वजांवर. माझ्या भाच्याचे सासरे पहिल्याच भेटीत पूर्वजांवर आले. निवृत्तीनंतर त्यांनी घराण्याचं मूळ शोधायला घेतलं होतं, आणि त्यांच्या हातचा चहा पिता पिता मलाही त्याचा नाद लागला. आपण कुणा सरदाराचे वंशज निघू, अशी त्यांना मनातून आशा होती. ती सगळ्यांनाच असते. आपला खापरपणजोबा तबेल्यात शेण काढत होता याची खात्री करून घ्यायला कोणी दफ्तरखान्याची पायरी चढत नाही. थॉमस हार्डीच्या ‘टेस’मध्ये एक पाद्री गरीब खेडुताला सहज सांगून जातो की, बाबा रे, तू नाइटांच्या घराण्यातला! तेवढ्यावर त्या कुटुंबाची वाताहत होते. कादंबरी १८९१ ची. लोकांनी ती वाचली, हळहळले आणि आपापली वंशावळ शोधायला लागले.

एकोणिसावं शतक तसं सोपं जातं. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सुरू झाली. १८४१ पासून जनगणनेच्या कागदांत घरातल्या माणसांची नावं मिळतात. त्या वर्षी पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, म्हणजे चौतीस वर्षांची बाई कागदावर तिशीची. एवढ्या प्रेमाने वागलेलं सरकार पुन्हा कधी कोणाला भेटलं नसेल. पण १८३७ च्या पलीकडे पाऊल टाकलं की सरकार संपतं आणि तुम्ही थेट गावच्या पाद्र्याच्या तावडीत सापडता.

हा कारभार थॉमस क्रॉमवेलने सुरू केला. आठव्या हेन्रीचा हा मंत्री. १५३८ साली त्याने फर्मान काढलं की प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, एक वही ठेवावी, आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं दर रविवारी तीत लिहावीत आणि ती कुलूपबंद पेटीत ठेवावी. पुढे त्या पेटीला तीन कुलपं आली. पाद्र्यावर विश्वास, पण किल्ल्या तिघांकडे! वही आली म्हणजे मागून कर येणार, अशी कुजबुज गावोगाव लगेच सुरू झाली. जनतेचा हा अंदाज चुकला नाही, फक्त दीडशे वर्षं आधी बांधला गेला. फ्रान्सशी लढायला पैसे हवेत म्हणून १६९४ च्या कायद्याने जन्म, लग्न आणि मरण यांवर कर बसवला आणि पंचवीस ओलांडलेल्या अविवाहित पुरुषांकडूनही वर्षाला पैसे घेतले. १७८३ मध्ये पुन्हा प्रत्येक नोंदीला तीन पेन्स. तो लागू होण्याआधी अनेक गावांत बाप्तिस्म्यांची झुंबड उडाली, चालती-बोलती पोरंसुद्धा रांगेत उभी केली गेली. गरिबांना कर माफ होता, त्यामुळे काही वह्यांत दारिद्र्य एका रात्रीत वाढलेलं दिसतं. पूर्वज खरोखर गरीब होता की हुशार, हे आता कळायला मार्ग नाही.

वही मिळाली तरी ती वाचायची कशी? कुठे लॅटिन, कुठे उंदरांनी कुरतडलेलं, कुठे पाद्र्याला थंडीने काकडा भरलेला. १५९८ साली जुने कागद चर्मपत्रावर उतरवण्याची आज्ञा झाली. सुरुवातीपासून उतरवा, निदान १५५८ पासून तरी, म्हणजे एलिझाबेथ राणी गादीवर आली तेव्हापासून. सवलत दिसल्यावर पाद्रीही माणूसच, बहुतेकांनी आधीची वीस वर्षं सोडून दिली. मग राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपली आणि कित्येक वह्या वर्षानुवर्षं कोऱ्याच राहिल्या. जिथे नोंदी आहेत तिथे गावात सगळे जॉन, विल्यम नाहीतर थॉमस. एक जॉन दगावला की पुढच्या मुलाचं नाव पुन्हा जॉन, त्यामुळे एकाच घरात तीन जॉन आणि त्यांतला आपला कुठला, हे तो जॉनच जाणे.

तारखांची तऱ्हा आणखी वेगळी. १७५२ च्या आधी इंग्लंडात कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून नोव्हेंबर १७२० मध्ये बाप्तिस्मा झालेलं मूल जानेवारी १७२० मध्ये पुरलेलं सापडतं, आणि वहीत दोन्ही नोंदी अगदी बिनचूक असतात. सासऱ्यांनी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि चहा ठेवायला उठले.

वहीत काय काय सापडेल याचा मासला स्टीव्हन्टनच्या पॅरिशमध्ये आहे. तिथल्या लग्नाच्या छापील रजिस्टरात, नोंद कशी करावी हे दाखवणारं नमुन्याचं पान होतं. पाद्र्याच्या मुलीने रिकाम्या जागा स्वतःच भरल्या. एका ओळीत तिचं लग्न लंडनच्या फिट्झविल्यमशी ठरलं, दुसऱ्या ओळीत लिव्हरपूलच्या मॉर्टिमरशी लागलं आणि तिसरीकडे ती कुणा जॅक स्मिथची बायको होऊन बसली. मुलीचं नाव जेन ऑस्टिन. ती जन्मभर अविवाहित राहिली हे जगाला ठाऊक आहे म्हणून बरं. नाहीतर आज तिन्ही घरांतून तिचे वंशज निघाले असते.

एखादा मुलगा वहीतून एकदम नाहीसाही होतो. बाप्तिस्मा आहे, पण लग्न नाही आणि दफनही नाही. अशा वेळी जाणकार सांगतात, हिंदुस्थानात शोधा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्म्यांच्या, लग्नांच्या आणि दफनांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्याही आधी गेलेल्यांसाठी दगड वाचावे लागतात. केंटमधल्या ऑक्झेंडन घराण्यातला जॉर्ज १६६९ साली सुरतेत वारला आणि त्याची थोरली कबर तिथे आजही उभी आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तो हाच. त्याच घराण्यातला हेन्री पुढे १६७४ मध्ये नजराणा घेऊन राज्याभिषेकाला रायगडावर हजर राहिला. केंटमधल्या एखाद्या ऑक्झेंडनला आपला पूर्वज शोधायचा तर त्याला रायगड चढावा लागेल. आम्ही निदान रोपवेची सोय केली आहे.

पण खरी मौज सरदारांत नाहीच. सासऱ्यांचे बहुतेक पूर्वज सज्जन निघाले आणि सज्जन माणूस वहीत तीन ओळी व्यापतो: आला, परणला, गेला. माणूस कागदावर बोलायला लागतो तो अडचणीत आल्यावर. १६६२ च्या कायद्याने गरिबाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या मूळ पॅरिशवर टाकली. परक्या गावात कोणी कंगाल व्हायची चिन्हं दिसली की त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून विचारत, तू कुठला, कुणाकडे राबलास, किती दिवस? एका धन्याकडे सलग वर्षभर चाकरी झाली तर त्या गावचा हक्क मिळे, म्हणून काही धनी गडी ठेवत ते एक्कावन्न आठवड्यांसाठी! सासऱ्यांना असाच एक जबाब मिळाला. कुणी विणकर सांगत होता की जन्म अमक्या गावी, आठव्या वर्षी शेतावर लागलो, मग मागावर, धन्याने वर्ष भरायच्या आत काढलं, बायको आणि दोन पोरं आहेत. खाली सहीच्या जागी फुली. तिची एक तंगडी लांब आणि टोकाला शाईचा डाग. सरदाराच्या वंशावळीत एवढं कुठलं मिळायला?

त्याहून वरचढ म्हणजे धर्माची कोर्टं. कोण कुणाला भर रस्त्यात काय बोललं, कुणाची कुणाशी कुजबुज, याच्या शेकडो जबान्या तिथे आहेत आणि प्रत्येक साक्षीदाराचं वय, धंदा आणि मूळ गावही बऱ्याचदा सोबत लिहिलेलं. शेजारणीला चारचौघांत शिवी हासडणारी बाई वंशजांचं जेवढं भलं करून गेली तेवढं प्रार्थनेला वेळेवर जाणाऱ्या दहाजणींनी केलं नाही. सासऱ्यांनी आता सरदार शोधायचं सोडलं आहे. घराण्यात एखादी जहाल जीभ सापडावी, एवढीच त्यांची इच्छा.

तेव्हा तीनशे वर्षांनी कोणी आपल्याला शोधावं असं वाटत असेल तर पुण्य करून भागणार नाही. सोसायटीच्या पार्किंगवरून भांडा, पण तोंडी नको. लेखी अर्ज करा, त्यावर वय, धंदा आणि मूळ गाव लिहा आणि पोच घ्यायला विसरू नका.