बेशरमरावांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री बेशरमराव, मुक्काम मामा तलाव, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, यांस कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

आपल्या गुलाबी-जांभळ्या फुलांचा यंदाचा बहर पाहून अभिनंदनाचे चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते. मूळचे आपण अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. इकडे कोणी आपणांस कुंपणासाठी लावले, कोणी खतासाठी, आणि ज्या मुलखात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’, तलाव आहेत, तेथे एकही दरखास्त न देता, कोणत्याही कचेरीची पायरी न चढता, आपण काठापासून पाण्यापर्यंत निर्वेध वहिवाट बसविली. गुरे आपणांस तोंड लावीत नाहीत. कोयत्याने छाटले तर छाटलेली कांडी चिखलात पडून प्रत्येक पेराला मुळे धरते, म्हणजे आपला विरोधक हाच आपला प्रचारक ठरतो. हे भाग्य राजकारणातल्या फार थोड्यांना लाभते.

आपल्या ताब्यात आलेली मिळकत मुळात कोणाची होती, हे आपणांस ठाऊक असावे म्हणून थोडे निवेदन करतो. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, असा रिवाज गोंड राजांच्या अमदानीत पडला. आणि कोहळी मंडळींनी, ज्यांच्याजवळ नकाशा नव्हता की दुर्बीण नव्हती, दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरून तीत मातीची पाळ घातली, वरच्या तलावाच्या सलंगावरून सांडणारे पाणी खालच्या तलावाच्या पोटात उतरविले आणि नवेगावबांधासारखा, डोंगरांनी वेढलेला विस्तीर्ण जलाशय उभा केला, ज्याचे श्रेय लोकपरंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते.

या तलावांचे तुडुम आपण पाहिलेच असेल, कारण आपली मुळे हल्ली त्याच्याच सांध्यांत शिरलेली असतात. निरनिराळ्या उंचीवर भोके, आणि प्रत्येक भोकात ठोकलेली लाकडी खुंटी. पाणी जसे उतरेल तशी वरून खाली एकेक खुंटी काढावयाची, म्हणजे पाळीच्या पायथ्याला धक्का न बसता बांध्यांना हवे तेवढेच पाणी मिळते. येथे वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडत असताही धान ऐन निसवण्याच्या सुमारास आकाश पंधरा दिवस कोरडे राहिले की सबंध हंगाम बुडतो. त्या पंधरा दिवसांसाठी हा सारा खटाटोप होता. कोणती खुंटी केव्हा काढावी, याचा निर्णय पाळीवर उभे राहून होत असे. आता तो पत्रव्यवहाराने होतो, आणि पत्राचे उत्तर येईपर्यंत लोंब्या पोचट झालेल्या असतात.

जुन्या व्यवस्थेला मी रामराज्य मुळीच म्हणत नाही. मालगुजाराची बेगार होती, पाण्याची पहिली पाळी कोणाची याला जातीचा व जमिनीचा वास होता, आणि ज्या धीवराने हयात तलावात घालविली त्याची मालकी त्याच्या जाळ्यापलीकडे कधी गेली नाही. परंतु एवढे खरे की, पाणी घेणाऱ्याने पाळीवर माती टाकलीच पाहिजे, हा दंडक त्या व्यवस्थेत होता. ३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली, हे उत्तमच झाले. पण पाळ सरकारजमा होताच ती दुरुस्त करण्याची पाळीही सरकारजमा झाली, असा आम्ही सोयीस्कर अर्थ केला. पाणीपट्टीची मागणी येताच आमच्या वाडवडिलांनी वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रिवाजांचा जुना दस्त, काढून निस्ताराचा, म्हणजे गावाच्या सामायिक वापराचा, हक्क दाखविला. त्या हक्काबरोबरची मेहनत मात्र कोणाच्या स्मरणात राहिली नाही. सरकारनेही पट्टीचा हिशेब ठेवला, गाळाचा ठेवला नाही. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले, मासळीचा ठेका सहकारी संस्थेकडे आला आणि तलावाच्या पोटात धान पेरणारे अतिक्रमणदार आपले शेजारी झाले. इतक्या वारसांच्या भांडणात प्रत्यक्ष कब्जा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर आपण देऊन टाकले.

२०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली, तेव्हा आपल्या मुक्कामाची मला क्षणभर काळजी वाटली होती. ती व्यर्थ होती. यंत्राने गाळ उचलावा आणि त्यातून आपली एखादी कांडी शेतकऱ्याच्या धुऱ्यापर्यंत सरकारी खर्चाने पोहोचावी, याहून मोठा राजाश्रय तो कोणता?

एक गोष्ट मात्र स्नेह म्हणून आपल्या कानावर घालणे अवश्य आहे. याच तालुक्यात धीवर समाजातील काही स्त्रियांनी, जाळ्यात मरळ का येत नाही याचा माग काढता काढता, आपले नाव संशयितांच्या यादीत अग्रभागी घातले आहे. पाण्यातले मूळचे गवत गेले म्हणजे माशाला अंडी घालावयास आसरा राहत नाही, आणि आसरा नसलेल्या पाण्यात कटला-रोहूचे विकत आणलेले बीज सोडून भागत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. म्हणून उन्हाळ्यात पाणी आटले की त्या आपणांस छाटत नाहीत, मुळासकट उपटतात. मग तळ नांगरून त्यात देशी पाणवनस्पती लावतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येऊन पाहतात की आपली एखादी कांडी डोके वर काढते आहे काय.

या बायांना तहकुबीची विनंती करावयाची झाल्यास ती कोठे सादर करावी, अशी पृच्छा आपण कराल. त्यांचे दप्तर नाही, शिक्का नाही, आवक-जावक नोंदवही नाही. आपण आजवर ज्या कारभारावर पोसलात, त्यातले एकही साधन त्यांच्याजवळ नसल्यामुळे या प्रकरणी मी आपल्या काहीच उपयोगी पडू शकत नाही, याबद्दल क्षमस्व.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक निस्तारदार