उजाडलं का?

मुलगी पुएब्लाला नोकरीला, म्हणून आम्हाला मेक्सिको घडलं. तिथून बसने काही तासांवर, डोंगरात, धुक्यात बुडालेलं कुएत्सालान. रविवारचा बाजार पाहायचा आणि लोकांना त्यांच्याच नाहुआत्लमध्ये रामराम घालायचा, असा माझा बेत. 2020च्या जनगणनेत ही भाषा बोलणारे साडेसोळा लाख निघाले. त्यातल्या एखाद्याला तरी माझं कळेलच की!

तयारी कसून केली होती. नडत होता एकच उच्चार, 'त्ल'. जीभ 'त'ला टेकवायची आणि वारा कडेने सोडायचा. पंधरा दिवस आरशासमोर 'तोमात्ल, आवाकात्ल' चाललं होतं. टोमॅटो आणि अॅव्होकाडोची ही मूळ नावं. ज्याला 'ळ' येतो त्याला जगात काय अवघड, असं माझं म्हणणं. आरसा रोज कोण पुसणार, असं बायकोचं.

पहिल्या दिवशी साडेनवाला खोलीबाहेर आलो. घरमालकीण आजी ओट्यावर कॉफीच्या बिया निवडत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "तानेसिक!"

"काय म्हणतायत?"

"उजाडलं," मुलगी म्हणाली.

मी चपापलो. उशिरा उठलो की आई हेच, ह्याच सुरात ऐकवायची! "रात्री डासांमुळे डोळा लागला नाही," मी मराठीतच सुरू केलं.

"बाबा, टोमणा नाहीये तो. सकाळचा नमस्कार आहे. तूही उजाडलं म्हण."

म्हटलं. आजींनी कॉफी दिली. आता आभार. छाती भरून 'त्लासोकामाती' सोडलं. आजींनी शांतपणे बियांचं सूप बाजूला सरकवलं. नातू अदबीने म्हणाला, "इथे तासोकामातिक." इथली बोली म्हणे नाहुआत. तिच्यात 'त्ल' औषधालाही नाही. भाषेच्या नावातूनसुद्धा 'ल' गळलेला. आरशाचे पंधरा दिवस पाण्यात! हात मिळवायला गेलो तर आजींनी बोटांना बोटं नुसती टेकवली आणि काढून घेतली. मी मात्र निवडणुकीतल्या उमेदवारासारखा दाबून धरलेला.

दुपारी दीडला बाजारात एका बाईंना ठणठणीत 'तानेसिक' घातलं. त्या हसल्या. "तिओताकिक." दिवस कलला.

पुढ्यात टोमॅटोचे ढीग होते. बोट दाखवून नाव विचारलं.

"तोमात."

आमच्या मंडईतलं 'टमाटं' चार पावलांवरच की! एका दमात म्हणून दाखवलं. बाईंनी मान डोलावली. मी तिन्ही ढीग उचलले.

"एवढे कशाला?" मुलगी म्हणाली.

"उच्चार जमला म्हणून."