तळघरातील टांकसाळ
स्वतःच्या नावाचे नाणे पाडणे हे पूर्वी सार्वभौमत्वाचे लक्षण मानले जाई. अमेरिकेत मात्र त्यासाठी राज्याभिषेकाची गरज उरलेली नाही, तळघरात एक गोल टेबल आणि ठरल्या वारी जमणारे पाच-सात मित्र असले की भागते. पोकर या पत्त्यांच्या खेळात पैशांऐवजी मांडल्या जाणाऱ्या, सुमारे ३९ मिलिमीटर व्यासाच्या चकत्यांना ‘चिप्स’ म्हणतात, आणि त्यांच्या मधोमध चिकटवायच्या छापील लेबलावर यजमानाचे आडनाव, घराण्याचे कल्पित राजचिन्ह, स्थापनेचे वर्ष (बहुधा मागचेच) आणि सिंहाच्या जागी पाळीव कुत्र्याची मुद्रा विराजमान होते. कॅसिनोतील मातीमिश्रित चकती साधारण १० ग्रॅमची असते. घरगुती चकतीत धातूचा तुकडा दडवून तिला १४ ग्रॅमपर्यंत नेले जाते, म्हणजे नक्कल अस्सलापेक्षा वजनदार ठरते, जे अन्य क्षेत्रांतही अपरिचित नाही. रंगांचे सोवळे तर कडक: पांढरी १ डॉलरची, लाल ५ची, हिरवी २५ची, काळी १००ची. जुन्या संचांत निळी सर्वांत मोलाची असे, आणि भरवशाच्या कंपन्यांच्या समभागांना ‘ब्लू चिप’ म्हणण्याची रीत तिच्यावरूनच पडली, हे त्यांत निवृत्तीची पुंजी गुंतवणाऱ्या सद्गृहस्थांना सहसा कुणी सांगत नाही. या टांकसाळीत लेबल किंचित तिरके बसणे हा अक्षम्य अपराध होय. ५०० चकत्यांच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे १००० वेळा, श्वास रोखून ते चिकटवणारा गृहस्थ पुढे त्याच टेबलावर संध्याकाळभर खेळून २० डॉलर हरतो, आणि पाहुण्यांपैकी एकानेही कुत्र्याची चौकशी केलेली नसते.