पाटलांचं आडनाव कुठं गेलं?

साताऱ्यातली पतसंस्था असो, सांगलीतली अडत पेढी असो की गावची विकास सोसायटी, गोष्ट एकच घडते. एक्सेलच्या परवान्याचा खर्च नको म्हणून कुणीतरी कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस टाकून देतं. सभासदांची यादी उघडावी, तर ‘पाटील’च्या जागी आय, के, व्ही, एच, वाय अशी रोमन अक्षरं! मग ऑफिसभर निकाल लागतो, ‘फुकटचं ते फुकटचंच.’

निकाल चुकीचा आहे. ती यादी कृतिदेव या फाँटमध्ये टाइप केलेली असते. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं कधी नव्हतीच. आयचं चित्र ‘प’सारखं काढलेलं, केचं कान्यासारखं, एवढीच ती व्यवस्था. नव्या मशीनवर तो फाँट नसला की मूळ रोमन अक्षरं उघडी पडतात. खात्री हवी असेल तर तीच यादी खुद्द एक्सेलमध्ये वर्णक्रमानं लावून बघा. शिंदे वर, पाटील मधे आणि आवटे खाली! कारण शिंदेंची ऱ्हस्व वेलांटी एफवर, ‘प’ आयवर आणि ‘अ’ व्हीवर. म्हणजे विकत घेतलेल्या एक्सेलमध्येही ही यादी कधी वर्णक्रमानं लागली नव्हती. आपण ती बोट फिरवून वाचत आलो, एवढंच.

पण सगळा दोष आपला नाही. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये एकाच चौकटीला पाश्चात्त्य, आशियाई आणि ‘कॉम्प्लेक्स’ लिपीसाठी वेगवेगळे फाँट असतात. मराठी या तिसऱ्या गटात. पाश्चात्त्य रकान्यात कितीही फाँट बदला, मराठी मजकूर जागचा हलत नाही, आणि भारतीय लिप्यांची सोय सेटिंगमध्ये चालू नसेल तर तो तिसरा रकाना दिसतच नाही. हे क्लार्कनं कुठून ओळखावं? त्यात पगारपत्रकावर एक्सेलच्या मॅक्रोची बटणं असली, तर त्यातली बरीचशी इथं नीट चालत नाहीत. मार्चअखेरीला हे असं अडलं की माणूस वैतागून चोरीच्या एक्सेलकडं परत जातो, आणि त्याचा राग मला पूर्ण मान्य आहे.

पुस्तकांचं दुखणं याहून जिव्हारी लागणारं. २०१९च्या महापुरात सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. ज्यानं तो लगदा पाहिला, त्याला घरातल्या पुस्तकांची डिजिटल प्रत असावी असं वाटणारच. त्यासाठी कॅलिबर हे उत्तम आणि फुकट साधन आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं. पण पीडीएफवरून ई-बुक करणं हा सगळ्यात वाईट मार्गांपैकी एक, असं त्याचं स्वतःचंच माहितीपुस्तक सांगतं, आणि आपली बरीचशी जुनी मराठी पीडीएफ कृतिदेवच्याच जातीच्या श्रीलिपीसारख्या फाँटांतून आलेली. रूपांतर केलं की पानंच्या पानं निरर्थक चिन्हांची.

त्याहून खटकतं ते वेगळंच. कॅलिबरच्या खिडकीत ‘ययाती’ हे नाव मराठीत नीट दिसतं. डिस्कवर मात्र ते त्या पुस्तकाचं फोल्डर रोमन अक्षरांत करतं, आणि तेही मधले ‘अ’ गाळून. सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांचं नाव पेन ड्राइव्हवर शोधायचं तर आधी ते ओळखावं लागतं. इतर प्रोग्राम देवनागरी नावांवर अडखळतात, हे त्यामागचं कारण. कॅलिबर सुरू झालं तेव्हा ते खरं असेल. आज साध्या फोनवर देवनागरी नावाची फाइल बिनबोभाट उघडते.

दोन्ही सॉफ्टवेअरचा कोड खुला आहे, आणि तक्रार नोंदवायला कुणाची परवानगी लागत नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकीत लिनक्स युजर्स ग्रुप आहे, साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय आहे. रयतच्या महाविद्यालयांत कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना प्रकल्प हवेच असतात. दरवर्षी तीच ती ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ करून घेण्यापेक्षा त्यांना एकेका सोसायटीची यादी द्या, कृतिदेवमधून युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, आणायला. पतसंस्थांनीही येत्या एप्रिलपासून नवी फाइल युनिकोडशिवाय स्वीकारू नये. आणि वालचंदच्या मुलांनी कॅलिबरकडं मराठी फोल्डरनावांची मागणी करावी, सोबत कोडमधला बदल स्वतः लिहून.