साहेब साइटवर आहेत

सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर युरोपच्या सहलीला निघतात, असं त्यांच्या घरच्यांना वाटतं. साहेब स्वतः दौऱ्यावर निघालेले असतात. मराठी ग्रुप टूरच्या जवळजवळ प्रत्येक बसमध्ये असे एक साहेब असतात आणि त्यांना ओळखायला आल्प्सपर्यंतसुद्धा थांबावं लागत नाही. पण आल्प्समध्ये खात्री पटते. सगळी बस बर्फाकडे बघून चीत्कारत असते, आणि साहेब रस्त्याच्या कडेला बघत असतात. "साइड गटर बघा! एक दगड नाही, एक पुडी नाही. पाणी बिचारं सरळ वाहतंय." आवाजात कौतुक कमी आणि दुःख जास्त.

अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, इस्त्रीची फुल पँट आणि तिच्याखाली मुलाने घेऊन दिलेले पोपटी स्पोर्ट्स शूज. कमरेच्या पाऊचमध्ये पासपोर्ट, बीपीची गोळी, आवळासुपारी आणि पाच मीटरची टेप. काखेत पुठ्ठ्याची फाइल, वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'दुओमो, मिलान – पाहणी'. दुओमो म्हणजे तिथलं मुख्य चर्च. आत नातवाने काढून दिलेले प्रिंटआउट आणि महत्त्वाच्या ओळींखाली हिरव्या शाईच्या रेघा. निवृत्तीनंतर हिरवी शाई वापरायची नसते, पण इटलीत कोण विचारतंय!

टूर मॅनेजर पंचविशीतला असतो. तो सगळ्यांना काका-काकू म्हणतो. 'काका' अशी हाक साहेबांना ऐकू येते, पण पोचत नाही. 'साहेब' म्हटलं की लगेच पोचते. चौथ्या दिवसापर्यंत तो मुलगा हे शिकतो आणि पाचव्या दिवशी साहेब त्याला मुकादमासारखं वागवायला लागतात.

मिलानला उतरल्यावर मॅनेजर सांगतो, "मंडळी, आत अर्धा तास, वर गच्चीवर अर्धा तास. मग शॉपिंग. सव्वाचारला सगळे इथे, घोड्याखाली." घोडा म्हणजे चौकातला राजा दुसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलचा अश्वारूढ पुतळा. बाकीची मंडळी घोड्यापुढे फोटो काढून मोकळी होतात. साहेब चौथऱ्याभोवती एक फेरी मारून घेतात.

दारावर गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, असा नियम. बर्मुडा घालून आलेल्या एका गृहस्थांना अडवलं जातं आणि शेवटी बायकोची ओढणी लुंगीसारखी गुंडाळून ते आत जातात. साहेबांना त्यांच्याबद्दल जराही सहानुभूती नसते. "साइटवर कोणी अर्धी चड्डी घालून येतं का?"

कानात यंत्र, पुढे छत्री उंच धरलेली स्थानिक गाइड. ती सांगते की काम 1386 मध्ये सुरू झालं. साहेब मान डोलावतात, फाइलशी जुळतंय. मग ती सांगते की शेवटचं कांस्याचं दार 1965 मध्ये बसलं. साहेब कानातलं यंत्र काढतात. हे काही फाइलमध्ये नव्हतं असं नाही, पण कागदावर वाचणं वेगळं आणि ती प्रचंड संगमरवरी वास्तू समोर उभी असताना ऐकणं वेगळं. पाचशे एकोणऐंशी वर्षं! साहेबांच्या चेहऱ्यावरची एक जुनी सुरकुती त्या क्षणी सैल होते. नोकरीत असताना त्यांचा एक पूल अकरा वर्षं लांबला होता. त्यावर विधानसभेत तारांकित प्रश्न विचारला गेला, दोन चौकशा बसल्या, एक वेतनवाढ रोखली गेली. "अकरा वर्षांना तारांकित प्रश्न," ते शेजारच्या माणसाला सांगतात, "आणि इथे जगभरातून लोक तिकीट काढून बघायला येतात!" मग गाइडला अतिशय गंभीरपणे विचारतात, "मुदतवाढ कोण मंजूर करायचं?"

तिला प्रश्न कळत नाही. पण उत्तर साहेबांच्याच फाइलमध्ये असतं. शहराचा धनी ज्यान गालेआत्सो विस्कोंती याने 1387 मध्ये या एकाच कामासाठी एक कायमचं कार्यालय उभं केलं, फाब्रिका. ते आजही चालू आहे. राजे गेले, स्पॅनिश आले, ऑस्ट्रियन आले, नेपोलियन येऊन गेला, इटली नावाचा देश जन्माला आला, पण कार्यालय हललं नाही आणि टेबलं बदलली नाहीत. साहेबांच्या मते दुओमोतलं सगळ्यांत मोठं आश्चर्य हेच. बाकी सगळं दगडकाम.

दगडाकडे मात्र ते जातातच. आधी विटांचं बांधकाम ठरलं होतं, मग विस्कोंतीने संगमरवराचा हट्ट धरला आणि माज्जोरे सरोवराजवळची कांदोल्याची खाण या कामाला देऊन टाकली. तिथला गुलाबी झाक असलेला दगड तराफ्यांवरून सरोवर, तिचीनो नदी आणि नाविल्यो कालवा अशा वाटेने थेट शहरात यायचा. दगडावर फाब्रिकेची खूण असली की वाटेत एकही नाका पैसे मागत नसे.

"जकात माफ!" साहेब ओरडतात. आजूबाजूचे जपानी दचकतात. "गौण खनिजाची रॉयल्टी नाही, खाण स्वतःची, वाहतूक पाण्यातून. आमची खडी नाक्यावर तीन-तीन दिवस उभी राहायची हो! अशा सोयी असत्या तर मीसुद्धा..." इथे ते थांबतात. आपणसुद्धा दुओमो बांधला असता असं म्हणणं जरा जास्त होईल, हे त्यांनाही कळतं.

आत गेल्यावर बस पांगते. काचांवरच्या रंगीत चित्रांसमोर फोटो सुरू होतात. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे डोळ्यांना अंधार वाटतो. साहेब बावन्न खांबांपैकी पहिल्या खांबापाशी उभे राहून बोटाच्या पेराने टकटक करतात, तसा रखवालदार बोट हलवतो. साहेब त्याला मानेनेच 'चालू द्या' अशी परवानगी देतात. मग मधल्या चार जाड खांबांकडे जातात, कारण फाइलमध्ये तिथे दोन रेघा आहेत. घुमट आणि मधला उंच कळस या चौघांच्या डोक्यावर. गेल्या शतकात शहराने जमिनीखालचं पाणी उपसलं, वर रहदारी वाढली, खालून मेट्रो गेली आणि खांबांना तडे जायला लागले. 1980 च्या दशकात छत जागच्या जागी ठेवून, खराब झालेले दगड काढून तिथे नवे बसवले गेले.

"लोड न उतरवता!" साहेब कुजबुजतात. तिथे मेणबत्ती लावून प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला वाटतं, हेही प्रार्थनाच करताहेत.

एवढ्यात काकूमंडळ एका पुतळ्यापुढे जमलेलं असतं. "किती सुंदर शाल घेतलीय बघा, चुण्या कशा पडल्यात!" गाइड सांगते की तो संत बार्थोलोम्यू. त्याची जिवंतपणी कातडी सोलली होती. खांद्यावर आहे ती शाल नाही, त्याचीच कातडी आहे. काकूमंडळ एक पाऊल मागे सरकतं. एक काकू स्वतःची शाल काढून पिशवीत घालतात. साहेब वाकून चौथऱ्यावरचा लॅटिन मजकूर शोधतात. 1562 सालच्या या पुतळ्यावर मार्को द'आग्राते या शिल्पकाराने कोरवून ठेवलंय की मला प्राचीन ग्रीसच्या प्राक्सितेलीसने नव्हे, मार्कोने घडवलं. साहेबांना हे फार भावतं. उभ्या नोकरीत त्यांनी बांधलेल्या एकाही इमारतीच्या कोनशिलेवर त्यांचं नाव नाही. मंत्र्यांची नावं मात्र आहेत, त्यातल्या दोघांची तर चुकीच्या खात्यासह.

वहिनी या सगळ्यात एका बाकावर बसून पाय दाबत असतात. साहेबांबरोबर फिरताना त्यांनी तिरुपतीला रांगेचं रेलिंग पाहिलंय, कोणार्कला सांधे पाहिलेत, ताजमहालाला पाया. "आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता," त्या शांतपणे सांगतात, "तेव्हा हे मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का बघत होते. तो नव्हता म्हणे."

साहेबांचं खरं प्रेम भांडणांवर असतं. 1399 मध्ये पॅरिसहून जाँ मिन्यो नावाचा तज्ज्ञ आणला गेला. त्याने पाहणी करून सांगितलं की इमारत कोसळणार, आधाराच्या भिंती कमी पडताहेत आणि शास्त्रावाचून नुसत्या हस्तकौशल्याला काही अर्थ नाही. इथल्या मिस्त्र्यांनी त्याच्याशी कडाक्याचा वाद घातला आणि 1401 मध्ये त्याला घालवून दिलं. "बाहेरचा कन्सल्टंट," साहेब तिरस्काराने म्हणतात. "रिपोर्ट नेहमी असाच. उभी आहे ना इमारत? सहाशे वर्षं झाली!" मग त्यांना लिओनार्दो दा विंची आठवतो. त्याने घुमटासाठी लाकडी नमुना करून दिला, त्याचे पैसे घेतले, पण काम मिळालं आमादेओ आणि दोल्चेबुओनो यांना. "लिओनार्दोचंसुद्धा टेंडर गेलं," ही बातमी साहेब बसमधल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगतात. सांगताना त्यांचा चेहरा प्रसन्न असतो.

नेपोलियनवर मात्र त्यांचा राग. त्याला 1805 मध्ये इथे इटलीचा राजा म्हणून राज्याभिषेक करून घ्यायचा होता, म्हणून त्याने दर्शनी भाग ताबडतोब पुरा करा असं फर्मावलं. खर्च फ्रान्सचा खजिना देईल असा शब्द दिला, फाब्रिकेने त्या भरवशावर आपल्या जमिनी विकल्या. पैसे आले नाहीत. उलट एका सुळक्यावर नेपोलियनचाच पुतळा बसला. "व्हीआयपी दौरा!" साहेब म्हणतात. एका मंत्र्याच्या भेटीसाठी एका रात्रीत डांबरी केलेला आणि महिन्यात उखडलेला रस्ता, ज्याचं बिल अजून कुठल्याशा फायलीत आहे, तो त्यांच्या डोळ्यांपुढून सरकतो.

गच्चीवर जायला लिफ्ट असते. साहेब गुडघ्याला नीकॅप चढवून अडीचशे पायऱ्या चढतात, कारण लिफ्टमधून तपासणी होत नाही. वर सगळं छप्पर संगमरवरी फरश्यांचं, त्यावरून चालता येतं, आणि चहूबाजूंनी सुळक्यांचं रान. हवा स्वच्छ असली तर लांब आल्प्स दिसतो. मंडळी आल्प्ससह सेल्फी काढतात. साहेब पन्हळी बघतात. दगडी राक्षस, कुत्रे, वाकडी तोंडं, सगळ्यांच्या घशातून पावसाचं पाणी भिंतीपासून दूर पडेल अशी योजना. साहेब एकेका राक्षसाच्या तोंडात डोकावतात. कोपऱ्यात परांची बांधलेली असते, एक पोरगा झिजलेला सांधा खरवडून नव्याने दर्जा भरत असतो. साहेब त्याच्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभे राहतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पोरगा मसाल्याचा डबा पुढे करतो. साहेब मसाला दोन बोटांत चोळतात, ओठ बाहेर काढून मान हलवतात. पोरगा हसतो. बसमधल्या इतक्या माणसांत त्या इमारतीशी खरी ओळख झाली ती एवढ्या एकाच माणसाची, असं मला वाटतं. बाकीच्यांनी पाठ दाखवून फोटो काढले.

सर्वांत वर, 108.5 मीटरवर, सोन्याचा मुलामा दिलेली मादोन्निना, म्हणजे मेरीमातेची मूर्ती. 1774 पासून तिथे आहे. शहरातल्या कुठल्याही इमारतीने तिच्यावर मान काढायची नाही असा मिलानचा रिवाज. पुढे पिरेल्लीची इमारत 127 मीटर झाली, तेव्हा त्यांनी तिच्या माथ्यावर मादोन्निनाची छोटी प्रतिकृती नेऊन ठेवली, म्हणजे पुन्हा तीच सर्वांत उंच. साहेब यावर बराच वेळ हसतात. "नियम मोडायचा नाही, इमारतही कमी करायची नाही. आमच्या नगररचनावाल्यांना हे सुचलं नाही इतकी वर्षं!"

खाली शेजारच्या गॅलरीत, म्हणजे छप्पर घातलेल्या बाजारात, फरशीवर मोझेकचा बैल आहे. त्याच्या नको त्या जागी टाच रोवून गिरकी घेतली की नशीब उजळतं म्हणे. सगळी बस रांगेने गिरक्या घेते, त्या जागी खड्डा पडलाय. साहेब खड्डा बघतात आणि गिरकी नाकारतात. मग फाइल चाळून सांगतात की ही गॅलरी बांधणारा जुझेप्पे मेन्गोनी 1877 च्या डिसेंबरअखेर इथेच परांचीवरून पडून गेला, काम संपत आलेलं असताना. "शेवटच्या आठवड्यात जास्त जपायचं असतं," म्हणतात आणि फाइल बंद करतात.

सव्वाचारला घोड्याखाली सगळे असतात. साहेब नसतात. टूर मॅनेजर पळत जाऊन त्यांना उत्तरेकडच्या भिंतीपाशी गाठतो.

सहलीच्या शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरायचा असतो. हॉटेल, बस, जेवण, मॅनेजरची वागणूक, प्रत्येकापुढे चांदण्या. साहेब कशालाच चांदणी देत नाहीत. जेवणापुढे 'ठीक' असं लिहून ते फॉर्मला दोन पुरवण्या जोडतात. गच्चीवरील दोन पन्हळींच्या तोंडाशी पारव्यांची घाण साचली असून पावसाळ्यापूर्वी साफसफाई व्हावी. उत्तर बाजूस एका सांध्यात ओल दिसते. बैलाच्या खड्ड्याचे खर्चाचे अंदाजपत्रक सादर व्हावे. खाली पूर्ण सही, 'कार्यकारी अभियंता (सेवानिवृत्त)', तारीख, आणि 'प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव: फाब्रिका, मिलान. अनुपालन अहवाल पंधरा दिवसांत अपेक्षित.'