ब्रेक : एक विनंती अर्ज

कोरड्या रस्त्यावर ब्रेक हा हुकूम असतो, ओल्या रस्त्यावर तो विनंती अर्ज होतो. चालक तो पायाने सादर करतो, टायर तो रस्त्यापर्यंत पोचवतो आणि रस्ता त्यावर सवडीने विचार करतो. मंजुरी येते, पण तोवर पुढच्या गाडीची डिकी आलेली असते. या दिरंगाईत रस्त्याइतकाच चालकाचाही वाटा असतो. मात्र डिकीच्या मालकाशी होणाऱ्या चर्चेत हा मुद्दा सहसा निघत नाही.

ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवण्याचे काम टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण करते. पाऊस पडला की हे घर्षण बरेच घटते. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारे 20 मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर तिला सुमारे 35 मीटर लागतात. वरचे 15 मीटर म्हणजे एका एसटी बसच्या लांबीहून जास्त, आणि नेमक्या त्या जागेत एसटी बस उभी असण्याची शक्यता महाराष्ट्रात नेहमीच असते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी आणखी 17 मीटर पुढे गेलेली असते. चालक मोबाइलवर बोलत असेल तर हे अंतर वाढते. किती वाढते, याचा हिशेब बहुधा विमा कंपनी करते. वेग दुप्पट केला की ब्रेकचे अंतर चौपट होते. हे गणित शाळेत शिकवतात तेव्हा लायसन्स नसते, आणि लायसन्स मिळते तेव्हा गणित आठवत नाही.

सर्वांत कपटी पाऊस पहिला. उन्हाळाभर रस्त्यावर इंजिनातून ठिबकलेले तेल, टायरचा झिजलेला चुरा आणि धूळ साचलेली असते. मृगाची पहिली सर आली की या सगळ्याचे मिळून एक बुळबुळीत अस्तर रस्त्यावर पसरते. नेमक्या त्याच वेळी दुचाकीस्वार मातीचा वास घेण्यासाठी हेल्मेटची काच वर करतो. चांगला जोराचा पाऊस काही वेळ कोसळला की हे अस्तर बरेचसे धुऊन जाते. त्यामुळे मुसळधार पावसाला घाबरणारी आणि भुरभुर पावसाला ‘हे काय, असंच येतं’ म्हणून उडवून लावणारी मंडळी निदान या एका बाबतीत उलटा हिशेब करत असतात.

टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. तिच्या खाचांतून पाणी बाजूला फेकले जाते आणि रबर रस्त्याला टेकते. भारतात मोटारीच्या टायरच्या खाचा किमान 1.6 मिलिमीटर खोल असाव्या लागतात. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलावा. प्रत्यक्षात ‘अजून एक पावसाळा निघेल’ या मापाने टायर मोजण्याची पद्धत अधिक रूढ आहे. नक्षी गेलेल्या टायरला पाणी वेळेत बाजूला सारता येत नाही आणि तो पाण्याच्या थरावर चढून तरंगू लागतो. हवा कमी असेल तर हे आणखी कमी वेगात घडते. चांगल्या टायरची मोटारही पाणी साचलेल्या रस्त्यावर ताशी 80-90 किलोमीटरच्या पुढे अशी तरंगू शकते. अशा वेळी स्टिअरिंग अचानक हलके लागते. गाडी लोण्यासारखी चालली आहे असे चालकाला वाटते, पण ती त्या वेळी चालवली जात नसते, नुसती जात असते. तेव्हा ब्रेक मारू नये, स्टिअरिंग सरळ धरावे, अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा आणि टायर पुन्हा टेकेपर्यंत धीर धरावा.

दुचाकीच्या बाबतीत घरोघरी एक उपदेश चालत आला आहे : पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर आपटशील. हा उपदेश करणाऱ्या काकांच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक वर्षानुवर्षे कोरा करकरीत राहतो. वास्तविक ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याची बहुतांश ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला तर मागचे चाक जाम होते आणि गाडी आडवी व्हायला लागते. ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, दाब हळूहळू वाढवत आणि गाडी सरळ असताना लावावेत. वळणावर झुकलेल्या गाडीला लावलेला जोराचा ब्रेक हा अस्थिरोगतज्ज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे. झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, रेल्वेचे रूळ आणि भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेला चिखल यांवर ब्रेक मारू नये; वेग त्याआधीच उतरवावा. मागे बसलेल्या व्यक्तीने छत्री उघडू नये. वारा छत्रीला नेतो, छत्री हाताला नेते आणि हात गाडीला नेतो.

एप्रिल 2019 पासून भारतात 125 सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. ही यंत्रणा जाम होऊ पाहणाऱ्या चाकाचा ब्रेक क्षणाक्षणाला सोडते आणि पुन्हा धरते. मोटारीत ती काम करू लागली की ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते. ही थरथर म्हणजे बिघाड समजून चालक पाय उचलतो आणि हजारो रुपयांची यंत्रणा ऐन कामाच्या वेळी सुट्टीवर पाठवतो. पेडल घट्ट दाबून ठेवावे आणि अडथळा टाळून गाडी बाजूला वळवावी. एबीएसमुळे वळवता येते. घर्षण मात्र वाढत नाही.

डबक्याची खोली वरून कळत नाही. खड्डा बुजवण्याचे पावसाळ्यातले सर्वांत स्वस्त साहित्य पाणी असल्याने सपाट दिसणारे प्रत्येक डबके संशयास्पद मानावे. पाण्यातून जाताना पहिला गिअर ठेवावा आणि वेग कमी पण एकसारखा असावा. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलकेच दाबून सुकवावेत, कारण भिजलेले ड्रम ब्रेक काही काळ नावापुरते उरतात. खोल पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी आत ओढले गेल्यास इंजिन कायमचे कामातून जाऊ शकते. भोवती जमलेले लोक ‘एकदा मारून तर बघा’ म्हणतील. दुरुस्तीचे बिल आले की त्यांतले कोणी सापडत नाही.

घाट उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणे हा जुना छंद आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन जवळपास बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावे लागते. म्हणजे बचत होत नाही, फक्त इंजिनाचा रोध जातो. ज्या गिअरमध्ये घाट चढला, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा. धुक्यात लो बीम ठेवावा. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून धावू नये, कारण मग गाडी कुठे वळणार हे मागच्याला समजत नाही. ताम्हिणीत किंवा आंबोलीत पुढची गाडी धबधबा किंवा भाजलेले कणीस दिसताच थांबू शकते, हे गृहीत धरावे. ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटीही सावकाश जाणाऱ्यालाच पूर्ण वाचता येते.

पुढच्या वाहनापासून पावसात किमान चार सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागावे. चार होण्याआधी आपण खांबाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. शहरात एवढी मोकळी जागा रिक्षासाठी राखीव समजली जाते. रिक्षा घुसली की पुन्हा चार सेकंद मागे राहावे. यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही.

ताशी 45 किलोमीटर वेग असेल तर ओल्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर गाडी सुमारे 20 मीटरमध्ये थांबते, म्हणजे कोरड्या रस्त्यावर 60 ने जाताना थांबते तेवढ्यातच. 30 किलोमीटरच्या प्रवासात या कमी वेगाची किंमत दहा मिनिटे असते. पावसाळ्यात घरून दहा मिनिटे आधी निघावे.