अंगणापुरता उजेड

घराच्या आतले दिवे हा घराचा खाजगी मामला असतो. बाहेरचा दिवा लावायचं ठरलं की त्यात गाव येतं. स्वयंपाकघरात पिवळा बल्ब लावा नाहीतर पांढरा, कुणी विचारत नाही. पण बेड्यापाशी, म्हणजे अंगणाच्या फाटकापाशी, खांबासाठी खड्डा खणला की पाणंदीतून जाणारा प्रत्येक जण थांबतो, खड्ड्यात वाकून बघतो आणि ‘हितं नको, जरा तिकडं पायजे होता’ असं सांगून पुढे जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली तेव्हा वासे, कौलं, मोरी यांवरून भावंडांत फारसे मतभेद झाले नाहीत. ती कामं दिसत नाहीत. बाहेरचे दिवे दिसतात, आणि मुख्य म्हणजे फोटोत दिसतात.

मुंबईच्या चुलतभावाने चित्रं पाठवायला सुरुवात केली. प्रत्येक माडाच्या बुंध्याशी एक दिवा, जमिनीतून वर रोखलेला. चिऱ्याच्या गडग्यावरून ओघळणारा प्रकाश. तुळशीवृंदावनाभोवती निळी पट्टी. ‘घर रिसॉर्टसारखं दिसलं पाहिजे,’ असं त्याचं म्हणणं. गंमत अशी, की त्याच किनाऱ्यावरची रिसॉर्टं कोकणातल्या जुन्या घरांसारखी दिसावीत म्हणून पडव्या बांधतात, कंदील टांगतात आणि त्याचे रात्रीचे पैसे घेतात. मधल्या मध्ये खऱ्या जुन्या घराने कुणासारखं दिसायचं, हा प्रश्न उरतो.

या घराने उजेडाच्या बऱ्याच पिढ्या पाहिल्या. तुळशीपुढे पणती. ओटीवर कंदील, आणि त्याची काच राखेने पुसायची पाळी मुलांची. रात्री वाडीत कुणाकडे जायचं झालं तर सुक्या झावळांची चूड. लग्नकार्याला भाड्याची गॅसबत्ती, आणि ती पंप मारून पेटवणारा माणूस. त्या रात्री त्याचा मान भटजींच्या खालोखाल असे. मग वीज आली. ओटीच्या वाशाला एक वाकडा पाईप, त्याच्या टोकाला इनॅमलची टोपी, बाहेरून हिरवी आणि आतून पांढरी, आणि टोपीत 40 चा बल्ब.

त्या टोपीबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. रात्रीचं आकाश काळं राहावं म्हणून धडपडणारी मंडळी आज जगभर बाहेरच्या दिव्याच्या अटी सांगतात, त्या अशा: उजेड खाली पडावा, वर आणि आजूबाजूला जाऊ नये, पेटलेला गोळा थेट डोळ्यांत येऊ नये, रंग पिवळट असावा, आणि दिवा लागेल तेवढाच, लागेल तेव्हाच लावावा. पत्र्याच्या टोपीतला 40 चा बल्ब यातल्या एकाही परीक्षेत नापास होत नाही. ‘लागेल तेव्हाच’ ही अट तर भारनियमनाने परस्पर पाळली, उलट लागेल तेव्हाही दिवा बंद ठेवून. घरोघरच्या या टोप्या भंगारवाल्याने किलोवर नेल्या. आता तसल्याच टोप्या शहरातल्या दुकानात ‘व्हिंटेज’ म्हणून काचेच्या कपाटात दिसतात, आणि त्यांची किंमत मी विचारली नाही.

तालुक्याच्या दुकानात विचारतात, ‘वॉर्म देऊ का कूल?’ उबदार दिसणारा पिवळा दिवा 2700 ते 3000 केल्विनचा आणि गारेगार दिसणारा निळसर पांढरा 6500 चा. म्हणजे ज्याचा आकडा तापट तो थंड. हे ऐकून ग्राहक दुकानदाराकडे संशयाने बघतो, पण दुकानदाराचं चुकत नाही. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं; रंगाचे हे आकडे तशाच तापवण्यातून आलेले आहेत. एलईडीत मात्र भट्टी नाही. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आमच्या वाडीच्या देवळासमोर इतका पांढरा उजेड पडायला लागला, की भर रात्री कावळे ओरडावेत.

दुसरी गफलत वॉटची. वॉट म्हणजे दिवा वीज खातो किती. उजेड देतो किती ते ल्यूमेनमध्ये मोजतात. पण आपल्या डोक्यात अजून बल्बचाच हिशेब. जुना 40 चा बल्ब चारशे-साडेचारशे ल्यूमेन देई. आता माणूस म्हणतो, ‘40 चा होता ना, मग 50 चा द्या, जरा बरा उजेड पडेल.’ 50 वॉटचा एलईडी फ्लड पाच हजार ल्यूमेनच्या आसपास देतो. जिथे एक बल्ब होता तिथे अकरा-बारा बल्ब लागले, तेही टोपीशिवाय आणि बरेचदा पाणंदीकडे तोंड करून. रात्री घरी येणारा पाहुणा मग एक हात कपाळावर धरून, दुसऱ्या हाताने चाचपडत पायऱ्या चढतो. त्याला घर दिसत नाही, पायरी दिसत नाही, दिवा मात्र उत्तम दिसतो.

‘वॉटरप्रूफ आहे ना?’ या प्रश्नाला दुकानात कुणी ‘नाही’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्यापेक्षा खोक्यावरचा आयपी आकडा वाचावा. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. 44 म्हणजे शिंतोडे सोसणारा, वळचणीखाली चालेल. 65 म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही आणि नळीने मारलेलं पाणीही चालतं. 67 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी हरकत नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो वरूनच पडेल असा काही करार नाही. तो आडवा येतो, गडग्यावर आपटून खालूनही येतो. म्हणून उघड्यावर 65 च्या खाली जाऊ नये. मुंगीसाठी वेगळा अंक ठेवलेला नाही, पण धुळीचा 6 असला की मुंगीचाही बंदोबस्त होतो. राहता राहिली कुंभारमाशी, तिला रिकामा पाईप दिसला की ती मातीचं घर बांधायला घेते आणि आपल्याआधी पूर्ण करते.

पाणी बहुतेक वेळा दिव्यातून शिरत नाही, वायरीवरून ओघळत जोडणीच्या डब्यात शिरतं. वायर डब्यात खालून घ्यावी आणि आत जाण्याआधी तिला थोडा झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून जातो. ही युक्ती आमच्या वायरमननेच शिकवली, म्हणून त्याच्या बाकीच्या मतांकडे मी काणाडोळा करतो. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला त्याचा कडवा विरोध होता. ‘दादा, पावसात सारखा पडेल तो. वैतागाल.’ मी म्हटलं, ‘पडतो म्हणजे कुठेतरी वीज गळतेय हे सांगतो ना?’ तो म्हणाला, ‘सांगतो. पण रोज सांगेल.’ रोज सांगणाऱ्याला आपण घरातून काढून टाकतो, हे खरं. पण ओल्या अंगणात अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या घरात तो हवाच. तो बसला, आणि वायरमन अजून त्याच्याकडे सवतीच्या नजरेने बघतो.

आता कोकणातल्या बाहेरच्या दिव्याचं खरं कारण: जनावर. आमच्याकडे रात्री साप म्हणायची पद्धत नाही. चिऱ्यांच्या फटीतलं फुरसं मातीच्याच रंगाचं, हात-दीड हातभर, आणि पायरीवर पडलेल्या पानात सहज हरवणारं. ते दिसावं म्हणून भगभगीत दिवा लावावा, असा सर्वसाधारण समज. पण दारावर पांढरा दिवा लावला की पहिल्या पावसाबरोबर पंख फुटलेली वाळवी ताटात उतरते. किडे दिव्याकडे ओढले जातात असं आपण मानत आलो. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने वेगळंच दाखवलं: किडे उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण त्यांच्या लेखी उजेड म्हणजे वर, आकाश. आमच्या ओटीवरचा बल्ब त्यांना आकाश वाटतो, म्हणून ते त्याच्याभोवती गरगरत राहतात. एकदा हे कळलं की राग येत नाही, पण आमटी झाकावी लागतेच. किड्यांमागून पाल येते, बेडूक येतो; बेडकामागून कोण येतं ते कोकणात कुणाला सांगायला नको.

म्हणून दिवा दारावर नको, दारापासून दूर आणि खाली हवा. उजेड डोक्यावरून सरळ पडला की जमीन सपाट दिसते. तोच बाजूने, घोट्याच्या उंचीवरून, जमिनीला घासत गेला की प्रत्येक खड्याला सावली पडते आणि पानाशेजारी पडलेलं फुरसं पानापेक्षा वेगळं दिसतं. पायरीच्या चिऱ्यात बसवलेला तीन वॉटचा पिवळा दिवा यात 50 वॉटच्या फ्लडला हरवतो.

चुलतभावाने मोशन सेन्सरचाही आग्रह धरला. जनावर आलं की आपोआप लागेल! लागत नाही. हा सेन्सर हलती ऊब ओळखतो. साप थंड रक्ताचा. आजूबाजूच्या जमिनीइतकंच त्याचं अंग गरम किंवा गार. त्याच्यासाठी दिवा लागेल अशी आशा नको. मांजरासाठी लागतो, शेजारच्या गाईसाठी लागतो, आपल्यासाठीही लागतो, आणि रात्री मोरीकडे जाणाऱ्या माणसाला तेवढं पुरे. काळोख पडला की लागणारा फोटोसेन्सर मात्र बसवताना त्याचं तोंड त्याच्याच दिव्याकडे ठेवू नये. दिवा लागला की त्याला वाटतं उजाडलं, तो दिवा घालवतो. घालवला की वाटतं रात्र झाली, परत लावतो. वाडीत असं एक घर आहे. दुरून बघणाऱ्याला वाटतं, तिथे कुणीतरी संकटात आहे. सोलरचं एका ओळीत सांगतो: मार्चमध्ये झकास, जुलैत कोरडा. जुलैतच त्याची गरज असते.

एवढं सगळं वाचून, ऐकून, मोबाईलवर नकाशा काढूनही कुठे किती दिवे हे ठरत नव्हतं. ते आत्याने ठरवलं. ऐंशी ओलांडलेली आमची आत्या बारा महिने त्या घरात राहते. आम्ही मे महिना आणि गणपती. चुलतभावाची चित्रं बघून ती एवढंच म्हणाली, ‘कुणाचं लगीन आहे काय रे?’ मग अमावास्येच्या आसपासच्या एका रात्री तिच्या हातात बॅटरी दिली आणि सांगितलं, तू रोज रात्री जिथे जिथे जातेस तिथे जा. ओटीवरून मोरी, मोरीकडून गोठा, गोठ्याकडून विहिरीच्या कठड्यापर्यंत, मग बेडं बंद आहे का ते बघायला पुढे. मी मागून पानाच्या डब्यातला चुना घेऊन चाललो होतो. ती जिथे थबकली, जिथे आधाराला हात पुढे आला, तिथे चिऱ्यावर बोट ओढलं. ओटीची तिसरी पायरी, जी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. मोरीचं वळण. गोठ्याच्या दारातला उंबरा. विहिरीकडची शेवाळलेली घसरण. बेड्याची कडी. आराखडा संपला.

माडांच्या बुंध्यांवर, गडग्यावर, तुळशीभोवती ती कुठेच थबकली नव्हती.

परसातली रातराणी मी बॅटरीने उजळून दाखवली तर म्हणाली, ‘तिला काय करायचाय उजेड? तिच्या वासानं कळतंय की ती कुठाय.’ शास्त्रही तिच्या बाजूचं आहे. ती फुलं पतंगांसाठी रात्री उमलतात आणि पतंग दिव्यापाशी अडकला की फुलाकडे फिरकत नाही. मागच्या ऐनाच्या झाडांवर जूनच्या तोंडाला काजवे येतात. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे मागणी घालणं. फ्लडच्या झोतात ती मागणी कोण वाचणार? तेच काजवे बघायला लोक भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला गाड्या घेऊन जातात, आणि हेडलाईट चालू ठेवतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर पडली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात. ते क्षितिज समुद्राचं असावं असा निसर्गाचा हिशेब, किनाऱ्यावरच्या हॉटेलाचा नव्हे. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाने हे मनावर घेतलं. आसपासच्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे जमिनीकडे वळवले, आणि जानेवारी 2024 मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. वाघाला अंधारात दिसतं, आपल्याला तारे दिसतात, दोघांचीही सोय.

चुलतभाव थोडा नाराज झाला. एका माडाला तरी लाव, म्हणाला. गणपतीत पाच दिवस लावू या, त्यापुढे आत्या ठरवेल, असा तह झाला. खर्चाचं म्हणाल तर पाच दिवे, प्रत्येकी पाच वॉटपर्यंतचे, संध्याकाळी सात ते रात्री दहा: महिन्याला फार तर सव्वादोन युनिटं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घेतले, कारण खाऱ्या हवेत लोखंडाचा स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो, आणि मग दिवा उघडायला वायरमनऐवजी लोहार बोलवावा लागतो.

तुमच्या अंगणात फ्लड आधीच लागलेला असेल तर तो काढून टाकू नका, नवा काही घेऊही नका. त्याच्या पट्टीचा बोल्ट सैल करा, तोंड शेजाऱ्याच्या खिडकीवरून आणि आकाशावरून काढून सरळ जमिनीकडे वळवा आणि बोल्ट पुन्हा आवळा. पाना, शिडी आणि शिडी धरायला एक माणूस, एवढंच लागतं.